गाडी पारखावी शेवटच्या रांगेतून

७ ऑक्टोबर २०२१ रोजी महिंद्रा कंपनीने चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या एक्सयूव्ही७०० या गाडीचं बुकिंग खुलं केलं आणि पहिल्या ५७ मिनिटांत २५ हजार गाड्यांची नोंदणी झाली. दुसऱ्या दिवशी बुकिंग पुन्हा सुरू झालं, तेव्हा आणखी २५ हजार गाड्या काही तासांतच संपल्या. पुढच्या वर्षी, ३० जुलै २०२२ रोजी, त्याच कंपनीच्या स्कॉर्पिओ-एनच्या पहिल्या २५ हजार बुकिंगना जेमतेम एक मिनिट पुरला आणि अर्ध्या तासाच्या आत आकडा एक लाखावर गेला. घर सोडलं तर मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी खरेदी. तरी एक्सयूव्ही७०० चं बुकिंग झालं त्या दिवशी एकाही ग्राहकाच्या दारात ती गाडी उभी नव्हती, म्हणजे अनुभव विचारावा असा एकही मालक देशात नव्हता. लोकांसमोर पुरावा होता तो वाहन-पत्रकारांच्या पहिल्या चाचणीचा, आणि ती चाचणीही सुरुवातीला झाली चेन्नईजवळच्या कंपनीच्या स्वतःच्या ट्रॅकवर. त्या ट्रॅकवर वेग, ब्रेक आणि वळणं उत्तम तपासता येतात. मागच्या सीटवर बसलेली आजी मात्र तिथे नसते.

नव्या कौटुंबिक एसयूव्हीबद्दल आपल्यापर्यंत दोन प्रकारची मतं पोहोचतात. पहिलं मत टेस्ट ड्राइव्ह घेतलेल्याचं आणि दुसरं मत गाडी वापरणाऱ्या मालकाचं. ही दोन्ही मतं बहुतेक वेळा एकाच माणसाची असतात, आणि तो माणूस स्टिअरिंगमागे बसलेला असतो. गाडी सात जणांची, पण तिचा निकाल लावतो एक जण. म्हणूनच पिकअप, पॉवर, स्क्रीन आणि सनरूफ यांबद्दल आपण तासन् तास बोलतो. मधल्या रांगेतल्या माणसाला चार तासांनी काय वाटतं आणि शेवटच्या रांगेतली मुलं घाटात का उलट्या करतात, हे प्रश्न गाडी दारात आल्यावरच पुढे येतात. कौटुंबिक गाडीची पारख शेवटच्या रांगेपासून सुरू करून पुढे यायला हवी. पूर्ण भरलेल्या गाडीने आणि पुरेसा काळ जाऊन मिळालेला अनुभव रिकाम्या गाडीतल्या पंधरा मिनिटांपेक्षा कितीतरी मोलाचा मानायला हवा. एक्सयूव्ही७०० या मांडणीसाठी सोयीचं उदाहरण आहे, कारण तिच्याबद्दलच्या पहिल्या मतांना आता काही वर्षांच्या वापराची कसोटी लावता येते. तिच्या जोडीला स्कॉर्पिओ-एन आणि टाटा सफारी घेतल्या की चित्र पूर्ण होतं. या तिन्ही गाड्या पुणे परिसरातच बनतात, आणि आपल्या घाटांवर व महामार्गांवर त्या रोज दिसतात.

टेस्ट ड्राइव्ह निरुपयोगी आहे असं इथे मुळीच म्हणायचं नाही. काही गोष्टी पहिल्या दहा मिनिटांत अचूक कळतात. एक्सयूव्ही७०० चं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन २०० पीएस शक्ती आणि ३८० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. वरच्या श्रेणीतलं २.२ लिटरचं डिझेल इंजिन १८५ पीएस देतं आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर ४५० न्यूटन-मीटर टॉर्क. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच हा जोर जाणवतो. स्टिअरिंग किती हलकं, बाहेरचं किती दिसतं, सीट किती वर घेता येते, क्लच किती जड आहे, ब्रेक लावल्यावर गाडी नाक किती खाली घालते, याचाही अंदाज लगेच येतो. या गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर हादऱ्याच्या प्रकारानुसार वागतात. रस्त्याची बारीक खरखर आली की ते मऊ राहतात, आणि वळणावर किंवा उंचवट्यावर गाडीचं अंग सावकाश डुलू लागलं की ते कडक होतात. पहिल्या चाचण्यांमध्ये गाडीच्या चालीचं कौतुक झालं त्यामागे हे तंत्र होतं, आणि ते कौतुक योग्यच होतं. चालवणाऱ्याने आपल्या जागेवरून जे अनुभवलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. अडचण एवढीच की त्याची जागा गाडीतली सर्वांत आरामदायी जागा असते.

याला कारण साधी भूमिती आहे. एक्सयूव्ही७०० ची लांबी ४६९५ मिलिमीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २७५० मिलिमीटर. पुढची आणि मधली रांग या दोन चाकांच्या दरम्यान बसते. तिसरी रांग मागच्या आसाच्या जवळपास डोक्यावर. सी-सॉच्या फळीवर मधोमध बसलेल्याला हेलकावा कमी आणि टोकाला बसलेल्याला जास्त लागतो, तसंच इथे होतं. पुढचं चाक गतिरोधकावरून जातं तेव्हा चालकाला एक हलका धक्का बसतो. मागचं चाक त्याच गतिरोधकावर चढतं तेव्हा शेवटच्या रांगेतला माणूस सीटवरून उचलला जातो. पुढे बसलेल्याला रस्ता दिसतो, त्यामुळे त्याचं शरीर वळणासाठी आणि खड्ड्यासाठी आधीच सावरतं. मागच्याला समोर फक्त सीटची पाठ दिसते. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण हलतो आहोत, आणि या विसंवादातून मळमळ होते. कुंभार्ली किंवा आंबा घाटात मागची मुलं हैराण होतात त्याचं कारण त्यांच्या नाजूकपणात नाही. त्यांना आपण गाडीतल्या सर्वांत त्रासाच्या जागेवर बसवलेलं असतं.

जागेचा हिशेबही असाच निष्ठुर आहे. एक्सयूव्ही७०० ४६९५, सफारी ४६६८ आणि स्कॉर्पिओ-एन ४६६२ मिलिमीटर लांब आहे. तिन्ही गाड्या ४.७ मीटरच्या आत संपतात. एवढ्या लांबीत इंजिन, तीन रांगा आणि डिक्की बसवायची तर कुठेतरी कात्री लागणारच, आणि ती मागेच लागते. तिसऱ्या रांगेची जमीन उंच आणि सीट ठेंगणी, त्यामुळे मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात, मांड्यांना आधार उरत नाही, आणि तासाभरात कंबर बोलू लागते. तिथे पोहोचण्यासाठी मधली सीट दुमडून, वाकून, अंग चोरून आत शिरावं लागतं. गुडघेदुखी असलेल्या माणसाला ही कसरत प्रत्येक चहाच्या थांब्यावर दोनदा करावी लागते. सातही जण बसले की डिक्कीत दोन-तीन लहान पिशव्यांपलीकडे काही मावत नाही, म्हणून बॅगा टपावर जातात आणि उंच गाडीचा भार आणखी वर चढतो. तीनही रांगांत मोठी माणसं ऐसपैस बसवणाऱ्या किआ कार्निवलची लांबी ५१५५ मिलिमीटर आहे. हा जवळजवळ अर्ध्या मीटरचा फरक कोणत्याही कल्पक रचनेने भरून निघत नाही. शोरूमच्या पत्रकावर ‘सात आसनी’ हे दोनच शब्द असतात. त्या आसनांवर कोण, किती वेळ बसू शकतं हे पत्रक सांगत नाही.

वजनाचं गणित तर टेस्ट ड्राइव्हमध्ये शिरतच नाही. या वर्गातली गाडी रिकामी साधारण १८०० किलोची धरू. टेस्ट ड्राइव्हला चालक आणि शेजारी शोरूमचा माणूस मिळून १३० किलो झाले, तर एकूण वजन १९३० किलो. गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबात सात माणसं सरासरी ६० किलोची धरली तरी ४२० किलो आणि वर ८० किलो सामान. एकूण २३०० किलो. म्हणजे आपण चाचणी घेतली त्यापेक्षा १९ टक्के जड गाडी आपण घाटात घालतो. त्याच वेगात गाडी थांबवताना ब्रेकना १९ टक्के जास्त उष्णता पचवावी लागते. मोठ्या ट्रकला ओलांडताना लागणारं अंतर वाढतं. मागची स्प्रिंग दबते, हेडलाइट वर उचलले जातात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. भरलेल्या गाडीसाठी टायरमध्ये हवा किती हवी, याचा वेगळा आकडा उत्पादक देतो आणि तो बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेला असतो. कित्येक कुटुंबं तो कधी वाचतच नाहीत. ‘पॉवर भरपूर आहे’ हे टेस्ट ड्राइव्हमधलं मत या वजनाला टिकतं का, हे फक्त भरलेली गाडी चढावर नेणाराच सांगू शकतो. या बाबतीत एक्सयूव्ही७०० चं डिझेल इंजिन भक्कम आहे. गाडी जड झाली की उपयोगी पडतो तो कमी फेऱ्यांना मिळणारा टॉर्क, आणि तो तिच्यात मुबलक आहे. तरी घाट उतरताना इंजिन कितीही ताकदवान असलं तरी खालच्या गिअरला पर्याय नसतो, आणि ऑटोमॅटिक गाडीतही गिअर हाताने खाली घेण्याची सवय लावून घ्यावी लागते.

सुरक्षेच्या ताऱ्यांकडेही याच नजरेने पाहायला हवं. गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये एक्सयूव्ही७०० ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार तारे दिले. गुण होते १७ पैकी १६.०३ आणि ४९ पैकी ४१.६६. हा निकाल खरोखर अभिमानाचा आहे. पण चाचणी कशी होते तेही समजून घेतलं पाहिजे. ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून धडक देताना मोठ्या माणसांच्या प्रतिकृती पुढच्या दोन सीटवर असतात, आणि मुलांच्या प्रतिकृती मागच्या सीटवर, खास बाल-आसनात बांधलेल्या असतात. तिसऱ्या रांगेत कोणीच नसतं. म्हणजे पाच तारे पुढे बसलेल्यांबद्दल बोलतात, मुलांचे तारे बाल-आसनात नीट बांधलेल्या मुलांबद्दल बोलतात, आणि शेवटच्या रांगेबद्दल ती चाचणी मौन पाळते. स्कॉर्पिओ-एनला डिसेंबर २०२२ मध्ये मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. मधल्या काळात नियम कडक झाल्यामुळे या दोन गाड्यांची थेट तुलना करू नये. पण एकाच गाडीच्या दोन आकड्यांमधली दरी पालकांनी पाहायलाच हवी, कारण जाहिरातीत ठळक छापला जातो तो पहिलाच आकडा. ही दरी अटळ नाही हेही सिद्ध झालेलं आहे. भारताच्या स्वतःच्या भारत एनकॅप चाचणीचे पहिले निकाल डिसेंबर २०२३ मध्ये आले, तेव्हा सफारीने दोन्ही गटांत पाच तारे मिळवले.

सुरक्षेतला मोठा भाग मात्र कुटुंबाच्याच हाती आहे. मागच्या सीटवर पट्टा लावणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाल-आसन नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. महागड्या, सुरक्षित समजल्या जाणाऱ्या गाडीत ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागची जागा आपोआप सुरक्षित असते हा आपला जुना समज त्या दिवशी साऱ्या देशासमोर खोटा ठरला. त्यामुळे गाडी पाहायला गेल्यावर सनरूफ उघडून पाहण्याआधी मागच्या प्रत्येक सीटचा पट्टा ओढून पाहावा, त्याचं बक्कल सीटच्या फटीत हरवतं का ते पाहावं, आणि घरातलं बाल-आसन सोबत नेऊन ते त्यासाठी सीटला दिलेल्या आयसोफिक्सच्या कड्यांत बसवून पाहावं. सहज लागत नसलेला पट्टा घाईच्या सकाळी कोणीच लावत नाही.

आता काळाकडे वळू, कारण मालकाच्या अनुभवाचं खरं मोल तिथे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात बनलेल्या १,०८,३०६ एक्सयूव्ही७०० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या, कारण इंजिनजवळचं वायरिंग घासून कापलं जाण्याची शक्यता आढळली होती. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येही काही मॅन्युअल गाड्या क्लचच्या भागातल्या एका रबरी भागासाठी परत बोलावल्या गेल्या होत्या. कंपनीने स्वतः होऊन दोष जाहीर करणं आणि तो विनामूल्य दुरुस्त करून देणं ही जबाबदार वागणूक आहे. आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं हे की जगातला सर्वोत्तम चाचणी-चालकही पंधरा मिनिटांत किंवा दोनशे किलोमीटरमध्ये असा दोष शोधू शकत नाही. तो हजारो गाड्या हजारो किलोमीटर धावल्यावरच उघड होतो. नव्याकोऱ्या मॉडेलच्या पहिल्या तुकडीतली गाडी घेणारा माणूस नकळत त्या चाचणीत सहभागी होत असतो. सहा महिने ते वर्षभर थांबणाऱ्याला तीच गाडी सुधारलेली मिळते. जानेवारी २०२४ मध्ये एक्सयूव्ही७०० च्या मधल्या रांगेत स्वतंत्र खुर्च्यांचा, म्हणजे कॅप्टन सीटचा पर्याय आला. पहिल्या दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्यांना तो उपलब्धच नव्हता.

मायलेज आणि डिझेल यांची गोष्ट याच जातीची आहे. पत्रकावरचा मायलेजचा आकडा ठरलेल्या चक्रानुसार प्रयोगशाळेत, रोलरवर चाकं फिरवून काढला जातो. तिथे खड्डे नसतात, सिग्नलवरची कोंडी नसते, एसी बंद असतो आणि कुटुंबही नसतं. त्या आकड्याचा उपयोग एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यापुरता. महिन्याचं इंधनाचं बजेट त्यावर बेतू नये. २०० पीएसचं टर्बो पेट्रोल इंजिन पुण्या-मुंबईच्या गर्दीत दोन टनांच्या आसपासचं वजन पुन्हा पुन्हा थांबवून हलवतं तेव्हा ते इंधन पिणारच. डिझेलचा अॅव्हरेज बरा, पण १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर डिझेल गाडीचा स्वभाव बदलला आहे. एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारी डीपीएफ ही गाळणी बसली. ती स्वच्छ व्हायची तर आतली काजळी जळावी लागते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. मुलांना दोन किलोमीटरवरच्या शाळेत सोडणं आणि भाजी आणणं एवढंच गाडीचं काम असेल तर गाळणी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. एक्सयूव्ही७०० सारख्या डिझेल गाडीत शिवाय एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारं डीईएफ हे द्रव वेगळं भरत राहावं लागतं. शहरात राहून महिन्यातून एकदाच गावी जाणाऱ्याने डिझेल घ्यावं का, या प्रश्नाचं उत्तर टेस्ट ड्राइव्ह देऊ शकत नाही. तसाच वापर असलेला मालक देऊ शकतो.

चालकाला मदत करणाऱ्या अडास यंत्रणेबद्दलही पहिलं मत आणि वर्षभरानंतरचं मत यांत फरक पडतो. कॅमेरा आणि रडार यांच्या मदतीने गाडी पुढच्या वाहनापासूनचं अंतर राखते, लेन सुटली की सावध करते आणि धडकेची शक्यता दिसली तर स्वतः ब्रेक लावते. रिकाम्या द्रुतगती महामार्गावर हे पहिल्यांदा अनुभवणारा माणूस भारावून जातो. पण ही यंत्रणा रस्त्यावर पट्टे आखलेले आहेत आणि वाहनं आपापल्या लेनमध्ये चालतात असं गृहीत धरते. आपल्याकडे उरलेल्या फटीत दुचाकी शिरते, रिक्षा तिरकी वळते, आणि गाडी अचानक ब्रेक लावते तेव्हा मागून येणाऱ्या टेम्पोला त्याची कल्पना नसते. म्हणून शहरात काही सोयी बंद ठेवायच्या आणि महामार्गावर सुरू करायच्या, ही शिस्त मालक वापरातूनच शिकतो. यंत्रणा निश्चितच उपयोगी आहे. रात्रीच्या लांबच्या प्रवासात क्षणभर डोळा लागलेल्या चालकासाठी ती जीव वाचवणारी ठरू शकते. तिच्यासाठी वाढीव पैसे मोजायचे की नाही हे आपला प्रवास कोणत्या रस्त्यांवर होतो यावर ठरवावं.

मग मालकाचं मत हेच अंतिम सत्य मानावं का? तसंही नाही. ज्याने गाडीसाठी वीस-पंचवीस लाख रुपये खर्च केले आणि काही महिने प्रतीक्षा केली, त्याला पहिल्या काही महिन्यांत तिच्यात खोट दिसणं कठीण. आपला निर्णय चुकला हे स्वतःशी कबूल करणं माणसाला जड जातं, म्हणून तो गुण मोठे करून सांगतो. उलट ज्याच्या गाडीत एकदा बिघाड झाला तो त्या एका बिघाडावरून सगळी गाडी वाईट ठरवतो. प्रत्येक मालक एकच इंजिन, एकच गिअरबॉक्स, एकच व्हेरिअंट ओळखतो. शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हसाठी बहुतेक वेळा टॉप मॉडेल असतं. एक्सयूव्ही७०० मध्ये त्याला १८ इंची चाकं आणि खालच्या मॉडेलला १७ इंची चाकं येतात. टायरची भिंत जाड की पातळ यावर खड्ड्यातला धक्का बदलतो. म्हणून मालकाला ‘गाडी कशी आहे?’ असं विचारलं की उत्तर ‘एक नंबर’ असंच येतं, आणि त्यातून काही कळत नाही. प्रश्न नेमका हवा. मागच्या लांबच्या प्रवासात तिसऱ्या रांगेत कोण बसलं होतं आणि किती तास? घरातल्या ज्येष्ठांनी पुन्हा त्याच गाडीने जायला होकार दिला का? सामान कुठे ठेवलं? डीपीएफचा दिवा किती वेळा लागला? टायर किती किलोमीटरला बदलले? तिसऱ्या सर्व्हिसिंगचं बिल किती आलं? अशा प्रश्नांना अभिमान किंवा राग उत्तर देऊ शकत नाही. तिथे आठवणच बोलते. आणि शक्य असेल तर हे प्रश्न मालकाला न विचारता त्याच्या घरच्यांना विचारावेत.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा की गाडी चालवणारा आरामात असेल तरच बाकीचे सुखरूप राहतील, तेव्हा त्याचंच मत निर्णायक हवं. यातला पूर्वार्ध शंभर टक्के खरा आहे. सीटची उंची जमत नसेल, पाय पेडलपर्यंत नीट पोहोचत नसतील, ब्रेकवर भरवसा बसत नसेल, तर ती गाडी घेऊच नये. पण चालकाची सोय ही किमान अट आहे, आणि आजच्या या वर्गातल्या बहुतेक गाड्या ती पूर्ण करतात. म्हणून निवडीच्या टप्प्यावर फरक पडतो तो मागच्या रांगांमुळे. शिवाय अनेक घरांत गाडी एकापेक्षा जास्त जण चालवतात, आणि त्यांची उंची व सवयी वेगळ्या असतात. टेस्ट ड्राइव्ह मात्र घरातला एकच पुरुष घेतो आणि बाकीच्यांना रंग निवडायला बोलावलं जातं. ही पद्धत सोडायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तिसरी रांग वर्षातून जेमतेम आठ-दहा दिवस वापरली जाते. त्या आठ-दहा दिवसांसाठी सगळी पारख तिथून का करावी? याचं उत्तर असं की ते आठ-दहा दिवसच गाडीचे सर्वांत लांब, सर्वांत भरगच्च आणि सर्वांत जोखमीचे दिवस असतात: गणपती, दिवाळी, लग्नकार्य, देवदर्शन. रोजच्या ऑफिसच्या फेरीला छोटी हॅचबॅकही पुरते. सात आसनी गाडीसाठी जास्तीचे पैसे आपण त्या दिवसांसाठीच मोजतो. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीवर १४ टक्के आणि त्यावरच्या गाडीवर १५ टक्के रस्ता कर लागतो, आणि मोठ्या एसयूव्हीवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. एवढा भार उचलून घेतलेली तिसरी रांग ऐन वेळी कोणालाच बसवत नसेल, तर त्यापेक्षा पाच आसनी गाडी घ्यावी, तिची मोठी डिक्की रोज वापरावी, आणि सणाला मोठी गाडी भाड्याने करावी. शेवटच्या रांगेतून पारख केली म्हणजे सात आसनी गाडीच घ्यावी असं ठरत नाही. कित्येकदा ती पारखच आपल्याला पाच आसनी गाडीकडे नेते आणि काही लाख रुपये वाचवते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. शोरूमवाले पूर्ण कुटुंबाला घेऊन तासभर गाडी फिरवू देतील का? स्पष्ट मागितलं तर बरेच देतात, कारण वीस लाखांचा ग्राहक त्यांनाही गमवायचा नसतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी गर्दी नसताना वेळ घ्यावी. घरातली सर्वांत वयस्क आणि सर्वांत लहान व्यक्ती सोबत न्यावी. नेहमीच्या दोन बॅगा डिक्कीत टाकून पाहाव्यात. गुळगुळीत रस्ता सोडून जवळचा एखादा उखडलेला रस्ता, दोन गतिरोधक आणि एक चढ निवडावा. गाडी घेणाऱ्याने अर्धा वेळ स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः शेवटच्या रांगेत बसावं आणि एसीचा झोत तिथे पोहोचतो का ते पाहावं. एकदा रात्रीही गाडी चालवून हेडलाइट तपासावेत. एवढं करूनही शंका उरली तर तीच गाडी शनिवार-रविवारसाठी सेल्फ-ड्राइव्ह भाड्याने मिळते का ते पाहावं. दोन दिवसांचं भाडं काही हजार रुपये होईल, पण त्यात घाट, रात्र, पाऊस, सामान आणि घरच्यांचा मूड असं सगळं एकदम तपासून होतं.

या कसोटीवर एक्सयूव्ही७०० चा निकाल स्पष्ट आहे. पुढच्या दोन रांगांत पाच जणांसाठी, लांबच्या प्रवासासाठी आणि घाटासाठी ती ताकदवान आणि सुरक्षेत भरवशाची गाडी आहे. तिसरी रांग दोन लहान मुलांसाठी, किंवा मोठ्या माणसांना गावातल्या गावात नेण्यापुरती ठीक आहे. सात मोठी माणसं आणि त्यांचं सामान घेऊन मुंबईहून सिंधुदुर्ग गाठायचं असेल तर ती त्या कामासाठी बनलेली नाही, आणि तेवढ्याच लांबीच्या सफारी व स्कॉर्पिओ-एनबद्दलही हेच म्हणावं लागेल. तुमच्या घरी पाच जण असतील तर निर्धास्त घ्या. सात असतील तर सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला शेवटच्या रांगेत अर्धा तास बसवा, आणि ते जे सांगतील ते ऐका.